इंदुताईंनी टाइप केलेला शब्द

इंदुताई सोनकांबळे यांच्या हातून टायपिंगची चूक कधी झालीच नाही, असं नाही. झाल्या, पण कागद मशीनमधून बाहेर येण्याआधी त्यांनीच त्या पकडल्या. दुसऱ्या कुणी येऊन बोट ठेवावं अशी एकही चूक सत्तावीस वर्षांत कागदावर राहिली नव्हती. म्हणून दोन हजार तेवीसच्या मार्चमध्ये चाकणच्या एका कारखान्यातला कामगार ज्योतीराम मुळे त्यांच्या पिंपळे गुरवच्या घरी आला आणि दारात चपला काढता काढता म्हणाला, की ताई, तुमच्या एका चुकीपायी अडतीस जणांच्या पोटावर पाय यायला लागलाय, तेव्हा त्यांनी उकळत आलेला चहा गॅसवरून उतरवून ठेवला.

"चूक कुठली ते आधी सांग," त्या म्हणाल्या. "चहा नंतर."

इंदुताईंचं घर मूळचं उदगीरकडचं. वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागले, तेव्हा त्या पाच वर्षांच्या होत्या. चार भावंडांत शिकायची हौस यांनाच. बारावी झाल्यावर आई भिमाबाईंनी, स्वतः दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करत असताना, लेकीला चिंचवडच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये घातलं. शेजारपाजारचे म्हणायचे, पोरीचं लग्न सोडून हे काय काढलंय. भिमाबाई म्हणायच्या, "बोटं चालायलीत तवर कुणाचं ऐकायचं न्हाई." लेकीने ते जरा जास्तच मनावर घेतलं. लग्नाची दोन स्थळं आली, दोघांनीही नोकरी सोडण्याची अट घातली, आणि दोघांनाही ताईंनी आपण होऊन नकार कळवला. तिसरं स्थळ कुणी आणलंच नाही.

इंग्रजी टायपिंगबरोबर त्यांनी इंग्रजी लघुलिपीही केली. समोरचा बोलत असतो त्याच वेगाने आडव्यातिडव्या रेघांत ते टिपून घ्यायचं, आणि मग मशीनवर बसून त्याचा कागद करायचा. शंभरच्या वेगाची परीक्षा पास झाल्यावर मोरवाडीजवळच्या एका कामगार युनियनच्या ऑफिसात त्यांना जागा मिळाली. एका दुकानाच्या माडीवर दोन खोल्या, एक पंखा आणि एक जुनं जड टाइपरायटर. भोसरी, पिंपरी, चिंचवड, पुढे चाकण आणि तळेगाव इथल्या कारखान्यांचे करार, मागणीपत्रं, संपाच्या नोटिसा हे सगळं त्या मशीनवरून गेलं. नंतर संगणक आला, तोही त्या शिकल्या. दोन हजार अठरात युनियनचे सभासद इतके घटले की ऑफिसला पगार परवडेना. तेव्हापासून त्या घरीच लोकांचे अर्ज आणि तक्रारी लिहून देत होत्या. गल्लीत कुणाला सरकारी पत्र आलं की ते आधी ताईंकडे यायचं.

ज्योतीरामने आणलेल्या झेरॉक्सवर एका शब्दाभोवती पेनाने गोल केला होता. करार एकोणीसशे ब्याण्णवचा. गाड्यांसाठी पत्र्याचे सुटे भाग बनवणारी ही कंपनी तेव्हा भोसरीत होती. परदेशातून मोठी प्रेस मशीन्स येणार म्हणून कामगार धास्तावले, एकेचाळीस दिवस संप चालला आणि शेवटी करार झाला. त्यातलं अकरावं कलम असं होतं, की नव्या मशीनमुळे जे कामगार 'ओव्हरप्लस' ठरतील, त्यांना कामावरून काढायचं नाही, बाहेरगावी पाठवायचं नाही, त्याच कारखान्यात दुसरं काम द्यायचं. पुढचे सगळे करार झाले, कंपनी चाकणला गेली, पण दर कराराच्या शेवटी एक ओळ असायचीच की मागची न बदललेली कलमं तशीच चालू राहतील. म्हणजे अकरावं कलम अजून जिवंत होतं.

आता प्रेस लाइनवर रोबो बसले होते. नोटीस बोर्डवर 'सरप्लस', म्हणजे जास्तीचे, अशा मथळ्याची यादी लागली, अडतीस नावं. सतरावं नाव ज्योतीरामचं. परराज्यातल्या प्लांटला बदली घ्या, नाहीतर राजीनामा द्या, असे दोनच रस्ते. कामगारांनी जुना करार पुढे केला, आणि प्रकरण कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तडजोडीसाठी गेलं. तिथे कंपनीच्या वकिलांनी सांगितलं, की 'ओव्हरप्लस' हा शब्द आज कुणी वापरत नाही, माणसांसाठी तर नाहीच नाही. तो मेलेला शब्द आहे. पिंपरीतल्या बारावी पास टायपिस्टला तो माहीत असण्याचा संभव नाही. तिला 'ओव्हरटाइम' लिहायचं होतं, बोट घसरलं. सबब ते कलम ओव्हरटाइम करणाऱ्यांपुरतं आहे.

इंदुताईंनी झेरॉक्स दोनदा वाचली. मग कपाटावरच्या पत्र्याच्या पेटीकडे एकदा नजर टाकली आणि ज्योतीरामला सांगितलं, की पुढच्या तारखेला मी येते.

त्याआधी त्यांच्याकडे पाहुणा आला. कंपनीचा एचआर मॅनेजर रविराज, पस्तिशीचा, नम्र, मिठाईचा पुडा घेऊन आलेला. ताईंना मावशी म्हणाला. त्याच्या आईचीही नोकरी अशीच टायपिंगची होती, तिचे हात आता दुखतात, असंही म्हणाला. हे खरं असावं, असं ताईंना वाटलं. माणूस वाईट नव्हता, फक्त कामगिरीवर आलेला होता. तीस वर्षांपूर्वीची गोष्ट, माणूस आहे, चूक होते, त्यात कमीपणा कसला, असं समजावून त्याने एक टाइप केलेलं निवेदन पुढे सरकवलं. सदर शब्द अनवधानाने पडला असण्याची शक्यता मी नाकारत नाही, असा त्याचा मजकूर होता. खाली सहीची जागा सोडली होती.

ताईंनी चष्मा लावला, लाल पेन घेतलं, निवेदन वाचलं आणि दोन ठिकाणी खुणा करून कागद परत दिला.

"यात दोन चुका आहेत. 'अनवधानाने'तला 'धा' राहिलाय आणि तारीख गेल्या वर्षीची पडलीय."

रविराज ओशाळून हसला. दुरुस्त करून आणतो म्हणाला.

"आणा, पण सही मिळणार नाही. माझ्या हातून चूक झाली असती, तर सही मागायला तुम्हाला यावं लागलं नसतं. मीच येऊन दिली असती. झाली नाही, म्हणून देत नाही."

त्याने एकदा सांगून पाहिलं की साक्षीला उभं राहिलात तर वकील वेडंवाकडं विचारतील, या वयात कशाला ताप. ताईंनी मिठाईचा पुडा त्याच्या हातात परत ठेवला आणि आईच्या हातांना गरम मिठाच्या पाण्याने शेक द्या, असं सांगितलं.

तो गेल्यावर त्यांनी पेटी खाली काढली. सत्तावीस वर्षांत लघुलिपीच्या शेकडो वह्या भरल्या होत्या. बहुतेक युनियनच्या ऑफिसातून रद्दीत गेल्या. सहा-सात वह्या मात्र ताईंनी घरी आणल्या होत्या, त्यांतल्या मजकुरात काही ना काही आवडलं होतं म्हणून. ब्याण्णवची वही त्यांत होती, हे त्यांना ज्योतीरामसमोरच आठवलं होतं. पण खात्री केल्याशिवाय शब्द द्यायचा नाही, ही सवय. वही सापडली. पानं पिवळी पडली होती, पेन्सिलच्या रेघा मात्र शाबूत होत्या.

करार सांगितला होता युनियनचे वकील बबनराव शितोळे यांनी. मावळातले, धोतर आणि काळा कोट घालणारे, जुन्या इंग्रजीचे शौकीन. ते खोलीत फेऱ्या मारत मजकूर सांगायचे आणि मध्येच एखाद्या शब्दापाशी थांबून त्याची सगळी कुळकथा ऐकवायचे. तेवीस वर्षांच्या इंदूचा हात तेव्हा थांबायला शिकलेला नव्हता. वकील जे बोलतील ते उतरवायचं, एवढंच तिला ठाऊक. त्यामुळे कराराच्या मजकुराबरोबर त्या गप्पाही वहीत गेल्या होत्या. बबनराव जाऊन आता वीस वर्षं झाली होती.

तारखेच्या दिवशी ताईंनी निळी कडक साडी नेसली, वही प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि बसने पुण्याला गेल्या. तडजोडीचं काम विजयश्री मॅडमकडे होतं. त्या कामगार अधिकारी, चाळिशीच्या, दोन्ही बाजूंचं निमूट ऐकून घेणाऱ्या. लांबट टेबलाच्या एका अंगाला कंपनीचे वकील आणि रविराज, दुसऱ्या अंगाला ज्योतीराम, युनियनचा प्रतिनिधी आणि ताई.

वकिलांनी सुरुवात शिक्षणापासून केली. बारावी कुठल्या माध्यमातून? मराठी. इंग्रजीत किती मार्क? एक्कावन्न. घरी इंग्रजी बोललं जायचं का? नाही. आई काय करायची? धुणीभांडी. मग त्यांनी विचारलं, की ज्या शब्दाचा उच्चारही आज इंग्लंडात कुणी करत नाही, तो तुम्हाला धुणीभांडी करणाऱ्या आईने शिकवला का?

ज्योतीराम खुर्चीतून अर्धा उठला. ताईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवून त्याला बसवलं.

"आईने मला आणि आणखी चौदा घरांना स्वच्छ राहायला शिकवलं," त्या म्हणाल्या. "शब्द वकिलांनी सांगितला. मी लिहून घेतला. कसा लिहून घेतला ते इथे आहे."

त्यांनी वही टेबलावर ठेवली. वकिलांनी पानं चाळली, हसले आणि मॅडमकडे सरकवली. रेघोट्या आहेत, म्हणाले. या बाईंखेरीज कुणाला वाचता येणार? त्या वाचतील ते आम्ही खरं कसं मानायचं?

हा मुद्दा बिनतोड होता. विजयश्री मॅडमनी शिपायाला सांगून आतल्या खोलीतून जयसिंग तावरे यांना बोलावून घेतलं. तावरे त्या कार्यालयातले जुने लघुलेखक. संगणक आल्यापासून त्यांच्याकडे आवक-जावकचं टेबल आलं होतं, आणि कित्येक वर्षांत त्यांना कुणी मजकूर सांगितला नव्हता. मॅडमनी कराराच्या मजकुराशी वही उघडून त्यांच्यापुढे केली आणि वाद कुठल्या शब्दाचा ते न सांगता, वाचता येतं का ते बघा, एवढंच म्हटलं.

तावरे आधी बिचकले. दुसऱ्याची लघुलिपी वाचणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून सुई ओवणं, असं ते म्हणाले. पण वही हातात धरल्यावर त्यांचा अंगठा आपोआप रेघांखालून सरकू लागला. "हात स्वच्छ आहे बाईंचा," ते स्वतःशीच पुटपुटले. मग एकेक ओळ इंग्रजीत वाचून मराठीत सांगायला लागले. दहावं कलम झालं. अकराव्याला आले. नव्या मशीनमुळे जे कामगार, असं वाचून ते थांबले, पान उजेडाकडे धरलं आणि म्हणाले, "ओव्हरप्लस."

वकिलांनी लगेच विचारलं, की तो ओव्हरटाइम नाही कशावरून? तावऱ्यांनी कोऱ्या कागदावर पेन्सिलीने दोन्ही शब्द काढून दाखवले. लघुलिपी उच्चाराने चालते, स्पेलिंगने नाही. टाइम म्हटलं की उभी बारीक रेघ हवी आणि तिच्यापुढे आडवी कमान. इथे दोन्ही नाहीत. इथली रेघ तिरपी आहे, ती 'प'ची. टाइपरायटरवर बोट घसरेल साहेब, पण कान एवढा घसरत नाही.

"पुढे वाचा," मॅडम म्हणाल्या.

पुढचं तावरे वाचत गेले तसतसा त्यांचा सरकारी सूर सुटत गेला. वहीत बबनराव बोलत होते. "मिस सोनकांबळे, कपाळाला आठ्या कशाला? शब्द बरोबर आहे, तसाच लिहा. इंग्लंडात तो सहाशे वर्षं वापरात आहे. सरप्लस मूळ फ्रेंचांचा. त्यांच्या 'सर'चा अर्थ वर. कुणी तरी तो 'सर' काढला, आपला घरचा 'ओव्हर' जोडला आणि मागचा 'प्लस' तसाच ठेवला. अर्धा घरचा, अर्धा पाहुणा. दोघे शब्द शेकडो वर्षं शेजारी नांदले. मग सरप्लसने सगळं घर बळकावलं, आणि ओव्हरप्लस कायद्याच्या जुन्या कागदांत जाऊन राहिला. तिथे त्याचा अर्थ पाहा. भाडेकऱ्याचं भाडं थकलं तर त्याचं सामान विकायची मुभा होती. पण विकून भाडं फिटल्यावर जे उरेल, ते ओव्हरप्लस, आणि ते ज्याचं सामान त्याच्यासाठीच राखून ठेवायचं. आपल्याकडे वरकड म्हणतात, पण वरकडाला कुणी विचारत नाही. सरप्लस म्हटलं की मालकाला वाटतं, टाकून द्यायचं. ओव्हरप्लसला धनी असतो. म्हणून हाच शब्द. लिहिलंत? हे लिहू नका, करारातलं लिहा."

शेवटच्या वाक्याला विजयश्री मॅडमच्या तोंडावर हसू आलं आणि त्यांनी ते लगेच आवरलं. पानाच्या वर तारीख होती, करारावर सह्या झाल्या त्याच्या चार दिवस आधीची.

कंपनीच्या वकिलांनी तरी माघार घेतली नाही. जुना कायदा सामानाबद्दल आहे, ते म्हणाले, माणसं म्हणजे सामान नव्हे.

"मीही तेच म्हणते," इंदुताई म्हणाल्या. "खुर्च्या-भांडी विकून उरलेल्या पैशालाही धनी आहे असं इंग्रजांनी मानलं. ही तर माणसं आहेत. तीस वर्षं राबून उरलेली. यांना यादी लावून बाहेर काढायचं असेल तर काढा, पण माझ्या बोटाचं नाव पुढे करून नाही. तो शब्द घसरून पडलेला नाही. शोधून, विचार करून, मुद्दाम बसवलेला आहे. आणि मी तो बिनचूक टाइप केलाय."

तडजोड अधिकाऱ्याला निकाल देता येत नाही, समेट घडवता येतो. विजयश्री मॅडमनी कामकाजात एवढंच नोंदवलं, की सदर शब्द हेतुपुरस्सर वापरल्याचा समकालीन पुरावा समोर आला आहे. पण तेवढी एक ओळ पुढे कोर्टात कुठवर जाईल, हे कंपनीच्या वकिलांना कुणी सांगायला नको होतं. आणखी तीन बैठका झाल्या. ऑगस्टमध्ये नोटीस बोर्डवरची यादी उतरली. अडतिसांतल्या एकोणतीस जणांना चाकणच्याच प्लांटमध्ये तपासणी, साच्यांची देखभाल आणि स्टोअर अशी कामं मिळाली. नऊ जणांनी आपण होऊन स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यातल्या दोघांना पुढे पस्तावा झाला आणि त्यांनी तो ताईंकडे येऊन बोलूनही दाखवला. ताईंनी चहा दिला. दुसरं देण्यासारखं काही नव्हतं.

पुढच्या वर्षी नवा करार झाला, त्यात कंपनीने अकराव्या कलमाची भाषा बदलून घेतली. अट तीच राहिली, शब्द गेला. युनियनच्या लोकांनी समजूत घातली की अर्थ राहिला ना, मग शब्दाचं काय एवढं. ताईंनी त्यांना ऑफिसात जाऊन झाडलं. शब्दाशिवाय अर्थ कुठे राहतो त्याचा पत्ता द्या म्हणाल्या. करार टाइप करायला त्यांनाच सांगितलं होतं, तो त्यांनी केला नाही. दुसऱ्या कुणी केला. पाचव्या पानावर एक स्पेलिंग चुकलंय, हे त्यांनी ज्योतीरामला दाखवलं आणि कागद बाजूला ठेवला.

ज्योतीराम आणि मंडळींना ताईंचा सत्कार करायचा होता. शाल आणि नारळ त्यांनी साफ नाकारले. फारच गळ घातली तेव्हा म्हणाल्या, मला प्रेस मशीन दाखवा. सत्तावीस वर्षं त्यांनी प्रेस शॉपचे करार टाइप केले होते. टनाचे आकडे, ठोक्यांचे आकडे, तुटलेल्या बोटांची भरपाई, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं होतं. पण एकाही कारखान्याच्या फाटकाच्या आत त्या गेल्या नव्हत्या. कागद बाहेर यायचे, बाईला आत कुणी बोलावलं नाही.

परवानगीला पाच आठवडे लागले. शेवटी पासवर सही रविराजनेच केली आणि फाटकावर स्वतः घ्यायला आला. तिथे सुरक्षारक्षकाने साडीवर जड बूट घालावे लागतील म्हणून सांगितलं. ताईंनी पदर खोचला, बूट चढवले, हेल्मेट घातलं. आत जमिनीवर पिवळा पट्टा होता, त्याच्या अलीकडून चालायचं. पट्ट्यापलीकडे दोन मजली उंचीचं मशीन खाली आलं आणि पायाखालची फरशी हलली. सपाट पत्रा आत गेला होता, तो गाडीचं दार होऊन बाहेर आला. रोबोच्या हाताने ते उचललं, वळवलं, पुढे ठेवलं. पुन्हा पत्रा, पुन्हा ठोका.

रविराजने घड्याळ बघितलं. पासवर अर्ध्या तासाची वेळ होती, असं त्याने अदबीने सुचवलं.

"मोजतेय," ताई त्या आवाजातून ओरडून म्हणाल्या. "ब्याण्णवच्या करारात मिनिटाला आठ ठोके लिहिलेत. आता किती पडतात ते बघू द्या."

त्या मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरून उभ्या राहिल्या. रविराज दोन पावलं मागे सरकला आणि थांबला.